झाडं वर, झुडपं खाली

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या उत्तरेकडच्या एखाद्या पठारी खोऱ्याचा सप्टेंबरमधला फोटो कुणाला दाखवला, की तो माणूस आधी रंगांवर खूश होतो आणि मग हमखास विचारतो, "इथलं जंगल कधी तोडलं?" फोटोत तळाला एक रुंद, सपाट, लालभडक पट्टा असतो. कमरेएवढी झुडपं, त्यांतून वळणं घेत जाणारा एक ओढा. दोन्ही बाजूंच्या उतारांवर गर्द हिरव्या स्प्रूसची, म्हणजे सुईसारख्या पानांच्या उंच झाडांची, दाटी, तिच्याही वर पुन्हा झुडपं आणि मग उघडा खडक. म्हणजे माती जिथे खोल, पाणी जिथे भरपूर, जमीन जिथे सपाट, नेमकं तिथेच एकही झाड नाही. बघणाऱ्याचा तर्क साधा असतो: इथे जंगल असायलाच हवं होतं, नाही म्हणजे कुणीतरी ते नेलं. हा प्रश्न मला सलत राहतो, कारण तो अडाणी नाही. चांगल्या, झाडांवर माया असलेल्या माणसांनी तो विचारलेला असतो. आणि तोच प्रश्न पुढे "मग आपण इथे झाडं लावू या" इथवर पोचतो, तेव्हा अशा खोऱ्यांचं खरोखर नुकसान होतं.

कुणी काही तोडलेलं नाही. रात्री आकाश निरभ्र असलं आणि वारा पडलेला असला, की जमीन आपली ऊब वर सोडून देते. तिला लागून असलेली हवा गार होते, जड होते आणि उतारावरून काकवीसारखी संथ खाली ओघळते. खोऱ्याचं तोंड अरुंद असेल किंवा पुढे एखादा दगडगोट्यांचा जुना बांध असेल, तर ती तिथेच साचते. बर्फयुगातल्या हिमनद्यांनी मागे टाकलेले असे बांध या मुलुखात जागोजागी आहेत. पहाटेपर्यंत तळाशी गार हवेचं तळं भरतं आणि त्याच्या काठावर, काही मीटर वर, तापमान कितीतरी अंशांनी जास्त असतं. महाबळेश्वरला राहिलेल्यांना हे नवीन नाही. थंडीत दवबिंदू गोठल्याची बातमी येते ती वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या खोलगट भागातून, बाजारपेठेतून नाही. तिकडे हे एखाद्या आठवड्याचं कौतुक असतं. इथे चिलकोटिन आणि नेचाको पठारांवरच्या खोलगटांत जून, जुलै, ऑगस्ट यांतल्या कोणत्याही रात्री दहिवर, म्हणजे गोठलेलं दव, पडू शकतं.

आणि जूनमधलं दहिवर स्प्रूसच्या वर्मी लागतं. हिवाळ्यात हेच झाड उणे चाळीस सहज सोसतं, कारण तेव्हा त्याच्या पेशी त्यासाठी तयार झालेल्या असतात. पण दिवस उबदार झाले की कळ्या फुटतात, आणि नव्या कोवळ्या सुया पाण्याने भरलेल्या असतात. त्या अवस्थेत उणे तीन-चार अंशही पुरतात. दोन दिवसांत कोंब तपकिरी होऊन लोंबतात. एकदा असं झालं तर रोप सावरतं. दर एक-दोन वर्षांनी होत राहिलं तर मधला शेंडा कधी उभाच राहत नाही, रोप आडवं फुगत जातं आणि गार हवेच्या थराच्या वर डोकं काढायच्या आधीच थकतं. लॉजपोल पाइन थोडा जास्त चिवट, म्हणून खोलगटाच्या कडेला आधी तो दिसतो. पण तळात तोही मार खातो. बारीक गाळाच्या मातीत आणखी एक संकट असतं. ओल्या मातीत बर्फाच्या सुया उभ्या होतात आणि रोपाला मुळांसकट वर उचलतात. बर्फ वितळला की रोप आडवं पडलेलं, मुळं उघडी.

म्हणून अशा खोऱ्यांत वृक्षरेषा दोन असतात, एक वरची आणि एक खालची.

झुडपांचं गणित वेगळं असतं. इथली मुख्य मंडळी दोन: खुजा भूर्ज, म्हणजे स्क्रब बर्च, आणि विलोच्या अनेक जाती. दोन्ही घराणी आपल्या ओळखीची आहेत. हिमालयातल्या ज्या झाडाच्या सालीवर पोथ्या लिहिल्या गेल्या त्या भूर्जाचा हा बुटका भाऊबंद, आणि आपल्या नद्यांच्या काठचा वाळुंज हा विलोच्याच कुळातला. खुज्या भूर्जाची पानं जेमतेम एक-दोन सेंटिमीटरची, गोलसर, कडेला बोथट दाते असलेली, आणि कोवळ्या काड्यांवर राळेच्या खरखरीत पुटकुळ्या. अंधारातही बोट फिरवून ओळखावं असं झुडूप. त्याचं सगळं भांडवल जमिनीलगत असतं. बुंध्याच्या गड्ड्यात निजलेल्या कळ्यांचा मोठा साठा असतो. वरची एक काडी दहिवराने, हरणाने किंवा आगीने गेली तर खालून चार फुटतात. त्याला मधल्या शेंड्याची गरजच नाही. स्प्रूस उंच होण्यावर सगळं पणाला लावतो, भूर्ज कशावरच सगळं लावत नाही.

हे सगळं एका मोठ्या पट्ट्याचा भाग आहे. दक्षिणेकडे सब-बोरियल, म्हणजे उत्तरेच्या थंड सूचिपर्णी जंगलांच्या अलीकडची, पठारं, जिथे ही झुडपं फक्त गार खोलगटांत आणि ओढ्यांकाठी सापडतात. साधारण ५७ अंश उत्तरेच्या पुढे, स्पाट्सिझी पठार, स्टिकीनचं वरचं खोरं, कॅसियार पर्वत, मस्क्वा-केचिका इथे ९०० ते १,७०० मीटर उंचीच्या दरम्यान ती खोलगटं सोडून उतारांवरही चढतात, आणि मैलोन्‌मैल झुडपांचंच राज्य होतं. अलास्का महामार्गाचा सर्वांत उंच टप्पा समिट लेकपाशी आहे. तिथे गाडी थांबवून नुसतं उभं राहिलं तरी हा प्रदेश समोर उलगडतो. तिथल्या परिसंस्थांच्या वर्गीकरणात या उत्तरेकडच्या पट्ट्याला स्प्रूस-विलो-बर्च असं नाव आहे. त्या वर्गीकरणाचा पाया व्लादिमिर क्रायिना यांनी घातला. हे मूळचे चेक वनस्पतिशास्त्रज्ञ. महायुद्धात नाझींविरुद्धच्या भूमिगत चळवळीत होते, चेकोस्लोव्हाकियातल्या १९४८च्या कम्युनिस्ट सत्तापालटानंतर स्कीवरून सीमा ओलांडून निसटले आणि १९४९पासून व्हँकुव्हरच्या विद्यापीठात शिकवू लागले. हवामान, माती आणि वनस्पती एकत्र वाचायच्या, एकटं झाड मोजायचं नाही, हा त्यांचा आग्रह. लाकूड हाच सगळ्यांचा मापदंड होता त्या काळात त्यांनी तो धरला, याचं मोल मला फार वाटतं.

खोऱ्याच्या तळाशी ओढ्यापासून उताराकडे चालत गेलं, तर दोन-तीनशे मीटरांत चार-पाच वेगवेगळे समुदाय ओलांडले जातात. दुरून ते सगळे एकच लाल गालिचा वाटतात. पाण्यालगत, बहुधा बीव्हरने अडवलेल्या डबक्याच्या कडेला, लव्हाळ्यांच्या जाती: वॉटर सेज, बीक्ड सेज. इथे झुडूप नसतंच, कारण मुळं कायम पाण्यात राहिली तर विलोही कुजतो. एक पाऊल वर, जिथे उन्हाळ्यात पाणी वीस-तीस सेंटिमीटर खाली उतरतं, तिथे उंच विलो. दोन-तीन मीटरांच्या दाट जाळ्या, खाली ब्लूजॉइंट गवत आणि मार्श सिंकफॉइलची जांभळट तांबडी फुलं. त्यात शिरलं की आवाज बदलतो, चिखल बूट ओढतो, डासांचा ढग तोंडावर येतो आणि विलोच्या सालीचा कडवट वास नाकात बसतो. त्यापुढे जमीन किंचित चढते, पाव-अर्धा मीटर, डोळ्यांना जाणवणारही नाही इतकी, आणि खुजा भूर्ज व करड्या पानांचा विलो यांचं मिश्रण सुरू होतं. पायाखाली ग्लो मॉस या शेवाळासारख्या वनस्पतीच्या पिवळट हिरव्या उशा. आणखी पुढे, जुन्या पुराने टाकलेल्या रेती-गोट्यांच्या कोरड्या गच्चीवर, भूर्ज विरळ आणि बुटका होतो. त्याच्यामध्ये पिवळ्या फुलांचा श्रबी सिंकफॉइल, किनिकिनिकच्या जमिनीवर पसरलेल्या चकचकीत वेली, अल्ताई फेस्क्यू गवताचे झुबके आणि मोकळ्या जागी पांढरट लायकेन, आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या जमातीतलं. कॅरिबू, म्हणजे उत्तर अमेरिकेतले रेनडिअर, हिवाळ्यात बर्फ उकरून खातात ते हेच. वर्षाला काही मिलिमीटर वाढतं. एका चाकाच्या खुणेने चुरडलं, की ती खूण माणसाच्या आयुष्यभर दिसते.

इथे गवतापासून भूर्जापर्यंत कोण कुठे बसेल हे दोनच गोष्टी ठरवतात: उन्हाळ्यात पाणी किती खाली जातं आणि रात्रीची गार हवा किती वर येते. म्हणून खड्डा खणल्याशिवाय वर्णन पुरं होत नाही. पन्नास-साठ सेंटिमीटर पुरतात. वरचा काळा, न कुजलेल्या पाला-मॉसचा थर किती जाड आहे ते मोजायचं. त्याखालच्या खनिज मातीत गंजाच्या रंगाचे ठिपके कितीव्या सेंटिमीटरला सुरू होतात ते पाहायचं; तिथवर पाणी चढतं आणि उतरतं. सगळी माती निळसर राखाडी झाली असेल, तर तिथे पाणी हलतच नाही. जाड पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, लागलं तर ही जागा दलदलीकडे झुकलेली. पीट पातळ आणि खाली ओली पण हवा खेळती असलेली माती असेल, तर पाणी झाडांना पुरेसं मोकळं आहे आणि तरीही झाड नाही. थंडीचा हात त्या खड्ड्यात असा दिसतो.

वनस्पतींची नोंद घ्यायची रीत सोपी आहे, पण हात बसायला वेळ लागतो. वीस मीटर बाय वीस मीटर, म्हणजे ४०० चौरस मीटरचा चौकोन, एकसारख्या तुकड्याच्या आत पूर्ण मावेल असा आखायचा. ओढ्याच्या काठावरच्या चिंचोळ्या पट्ट्यात तो लांबट करावा, क्षेत्रफळ तेवढंच ठेवून. मग थराथराने वाचायचं: दोन ते दहा मीटरांची उंच झुडपं, दोन मीटरांखालची झुडपं, गवतं आणि फुलझाडं, शेवटी मॉस आणि लायकेन. प्रत्येक जातीची सावली जमिनीचा किती टक्के भाग झाकते याचा अंदाज. एक टक्का म्हणजे इथे चार चौरस मीटर, दोन बाय दोनचा तुकडा. ही मापं पायांनी मोजून डोळ्यांत बसवावी लागतात. थर एकमेकांवर असल्यामुळे बेरीज शंभराच्या वर जाते, जायलाच हवी. नवखा माणूस चौकोनाच्या कडेला उभा राहून तिरक्या नजरेने पाहतो आणि भूर्जाला ऐंशी टक्के देऊन मोकळा होतो. वरून खाली बघत आत चाललं की पन्नासही भरत नाहीत, उरलेल्या फटींत मॉस असतं. त्याहून वाईट चूक म्हणजे सगळ्या विलोंना नुसतं "विलो" लिहून टाकणं. समुदाय ओळखायची किल्ली तिथेच असते आणि तीच फेकली जाते.

विलो ओळखणं अवघड आहे हे मान्य. नर झुडूप वेगळं, मादी वेगळी. नराचा फुलोरा परागकण सांडून काही दिवसांत गळतो. जाती आपसांत संकर करतात. काहींचा फुलोरा पानांच्या आधी येतो, म्हणजे फुलं मिळतात तेव्हा पानं नसतात आणि पानं मोठी होतात तेव्हा फुलं गेलेली. उपाय एकच: झुडपाला धातूची पट्टी बांधायची, जूनच्या सुरुवातीला फुलोरा घ्यायचा, जुलैच्या अखेरीस त्याच झुडपाची पूर्ण वाढलेली पानं आणि मादी असेल तर फळं. मग भिंग घेऊन क्रमाने पाहायचं. पानाच्या खालची बाजू पांढुरकी मेणचट आहे का? केस दोन्ही बाजूंना की फक्त शिरेवर? फळ केसाळ की गुळगुळीत? करड्या पानांच्या विलोचं फळ केसाळ, पानाच्या दोन्ही अंगांना मऊ लव. बार्कलेज विलोचं फळ गुळगुळीत, आणि त्याची पानं वाळवताना काळी पडू लागतात, वाळवणारा घाबरतो की नमुना कुजला. बॅरॅट्स विलोच्या कळ्या तेलकट; वाळवणीच्या कागदावर पिवळा डाग उठतो, तोच त्याचा दाखला. चहाच्या पानासारख्या पानाचा टी-लीव्ह्ड विलो वरून तकतकीत, फुलोरा काडीला चिकटून, पानांच्या आधी. इतकी खटपट करावी, कारण हे वेगवेगळे विलो वेगवेगळं पाणी सांगतात. आणि वसंतात राणी भुंगा-माश्या जमिनीतून बाहेर येतात तेव्हा त्यांना पहिला मध विलोच देतो. भूर्जाचं परागण वाऱ्यावर, त्याच्याकडे मध नाही.

आठ-नऊ महिने इथे हिवाळ्याचेच म्हणावेत. बर्फ ऊब धरतो. वर उणे तीस असताना अर्धा-पाऊण मीटर बर्फाखाली जमिनीलगत शून्याच्या थोडंसंच खाली असतं. त्यामुळे झुडपाची उंची ही बहुतेक ठिकाणी बर्फाच्या सरासरी उंचीची खूण असते. जी काडी बर्फाच्या वर राहिली तिला वाऱ्याने उडवलेले हिमकण सोलतात, तिच्या कळ्या पांढरे विलो टार्मिगन पक्षी टिपतात, ससे तिरका कट मारतात. सशाचा कट सुरीने कापल्यासारखा स्वच्छ असतो. मूस या थोराड हरणाला वरचे पुढचे दात नसल्यामुळे त्याने खाल्लेल्या काडीचं टोक फाटलेलं असतं. खालच्या बाजूला, जमिनीलगत, साल गोल कुरतडलेली दिसली तर ते बर्फाखाली वावरणाऱ्या व्होल उंदरांचं काम. एक झुडूप वरपासून खालपर्यंत असं वाचलं, की हिवाळाभर इथे कोण कोण होतं ते कळतं. आणि अंगठ्याएवढ्या जाडीची भूर्जाची काडी कापून घासून भिंगाखाली धरली, तर काही दशकांची वलयं निघतात, इतकी बारीक की एकेक मिलिमीटरच्या अंशात.

आग या प्रदेशाला परकी नाही. डोंगराळ भागात कास्का देने आणि ताल्तान लोकांचा वावर पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. एल्क हरणं आणि स्टोन जातीच्या रानमेंढ्यांसाठी कोवळी चराई मिळावी म्हणून ईशान्य ब्रिटिश कोलंबियात वसंतात उतार मुद्दाम जाळले जातात. वसंतातली आग वरवरची असते. जमीन अजून गोठलेली, मॉस ओलं. भूर्जाचा गड्डा वाचतो, त्याच उन्हाळ्यात फुटतो. फेस्क्यूचे झुबके काही वर्षं जोरात येतात, मग भूर्ज त्यांना पुन्हा झाकतो. पण कोरड्या ऑगस्टमधली आग मॉस आणि पाल्याचा थर खालपर्यंत जाळते, गड्डे मरतात, आणि मग सगळं बियांपासून. विलोचं बी हलकं, कापसात गुंडाळलेलं, पण त्याचा जीव काही दिवसांचा. ते ओल्या, उघड्या मातीवर लगेच पडलं तरच रुजतं. म्हणून एकाच खोऱ्यात जळाल्यानंतर एक तुकडा लगेच पूर्ववत होतो आणि शेजारचा अनेक वर्षं गवताळ राहतो.

माणसाचं नुकसान बहुतेक वेळा कमी नाट्यमय असतं. उताराच्या पायथ्याने रस्ता नेला, चर खणला, चराने जमिनीखालून झिरपणारं पाणी कापलं, आणि खालच्या बाजूचा उंच विलो पाचेक वर्षांत वरून वाळत गेला. चिलकोटिनमध्ये गुरांच्या हिवाळी चाऱ्यासाठी लव्हाळ्याची कुरणं वाढवताना विलो जाळले, चर काढले. आता काही ठिकाणी ते परत आणण्याचा प्रयत्न होतो, आणि तो नीट करायची रीत ठरलेली आहे. झुडूप निजलेलं असताना, पानगळीनंतर ते वसंतात कळ्या फुगायच्या आत, बोटापेक्षा जाड, मीटरभर लांबीच्या काठ्या घ्यायच्या. खालचं टोक तिरकं, वरचं सरळ कापायचं, म्हणजे उलटी लावायची चूक होत नाही. आठवडाभर पाण्यात बुडवून ठेवायच्या. मग तीन चतुर्थांश लांबी जमिनीत जाईल आणि टोक उन्हाळ्यातल्या पाण्याला टेकेल इतक्या खोल ठोकायच्या. निम्मी काठी वर ठेवली तर पानं भराभर फुटतात, सगळे आनंदतात, आणि जुलैत मुळं पाणी पुरवू शकत नाहीत म्हणून ती मरते. बेब्स आणि स्काउलर्स विलोच्या काठ्या नीट रुजत नाहीत, म्हणून आधी जात ओळखा. खुजा भूर्ज तर या रीतीने येत नाही म्हणावं. त्याचं बी गोळा करून रोपं करावी लागतात. आणि कुंपण हवं. मूसला नुकती फुटलेली ओळ सापडली तर एका रात्रीत काम संपतं.

वरच्या बाजूला झुडपं आज पसरताहेत. अलास्कातले १९४०-५०च्या दशकांतले जुने हवाई फोटो त्याच जागेवरून पुन्हा काढलेल्या फोटोंशी ताडले, तेव्हा उत्तरेकडच्या टुंड्रावर, म्हणजे झाडं नसलेल्या गोठलेल्या माळांवर, झुडपं दाटल्याचं स्पष्ट दिसलं. गडद फांद्या बर्फाच्या वर आल्या की वसंतात ऊन जास्त शोषलं जातं, बर्फ लवकर जातो, आणि लायकेनचं कुरण सावलीत जातं. कॅरिबूंसाठी हे चांगलं नाही. तेव्हा झुडूप सगळीकडे वाढलं तर बरंच, असं मी म्हणणार नाही. गार खोलगटांतल्या जुन्या झुडुपवनाची बाजू मात्र मी ठामपणे घेईन. तिथे स्प्रूस लावायचा विचार कुणी मांडला, तर आधी एक करावं: रोपाच्या उंचीला, जमिनीपासून वीस सेंटिमीटरवर, रात्रीचं सर्वांत कमी तापमान टिपणारा तापमापक लावून दोन पूर्ण उन्हाळे नोंद घ्यावी. पांढऱ्या छत्रीखाली झाकलेला, दीड मीटरवरचा हवामान केंद्राचा आकडा इथे चालत नाही, तो रोपाला लागणारी थंडी कमी दाखवतो. जून आणि जुलैत उणे चारच्या खालच्या रात्री एकदोनापेक्षा जास्त निघाल्या, तर रोपं उतारावर न्यावीत आणि तळ भूर्ज-विलोकडे राहू द्यावा.